शिक्षकांना टेक्नॉलॉजी शिकवताय? माउस त्यांच्या हातात द्या!

शहागंजच्या माझ्या दुकानातून एका शाळेला प्रोजेक्टर दिला. मॅडमसमोर सगळं मीच करून दाखवलं. महिन्याने गेलो, तर प्रोजेक्टरवर कव्हर तसंच! चूक माझीच.

आता तीन फेऱ्या ठेवतो:

१. मी करतो, मॅडम बघतात.
२. मॅडम करतात. मी शेजारी बसतो, पण हात लावत नाही.
३. वर्ग मॅडमचा. मी फक्त फोनवर.

पुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या परितेवाडीच्या (जि. सोलापूर) रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तिथे साधन शिक्षकाच्याच हातात होतं.

"मग गिऱ्हाईक आपल्याला विसरेल ना?" उलट, स्वतः चालवायला शिकलेल्या मॅडमच दुसऱ्या शाळेत आपलं नाव सांगतात.