गवत कापण्याच्या यंत्राचें पातें : त्याची निगा व जुळवणी

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळें भाद्रपद संपतांना आंबाकाजूच्या बागेंत कमरेइतकें गवत माजलेलें असतें. पूर्वीं हें गवत विळ्यानें कापून गुरांस घालीत अगर घरें शाकारण्यास वापरीत. इ. स. १९९० पासून रोजगार हमी योजनेशीं निगडित अशी फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हां वरकस जमिनींत व कातळावर नवीं कलमें उभीं राहिलीं. बागा वाढल्या, परंतु बेणणीस माणसें मिळेनाशीं झालीं. आणि खांद्यास अडकवून चालविण्याचा ग्रासकटर गांवोगांव आला. ज्यांची जमीन सपाट आहे असे थोडे बागाईतदार चाकांचें, क्वचित् वर बसून चालविण्याचें यंत्रहि वापरतात.

यंत्र घेतांना बहुतेक लोक इंजिनाची चौकशी करितात. पात्याची कोणी करीत नाहीं. वस्तुतः इंजिन बिघडलें तर यंत्र बंद पडतें व नुकसान तेवढ्यावरच थांबतें. पातें बिघडलें तर यंत्र चालूच राहतें, आणि मग नुकसान माणसाचें, कलमाचें व जमिनीचें होतें. म्हणून या लेखांत आम्ही इंजिनाविषयीं थोडें व पात्याविषयीं अधिक लिहिणार आहों.

१. पातें कापतें कसें

इंग्लंडांतील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यानें इ. स. १८३० मध्यें गवत कापण्याच्या यंत्राचें पहिलें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील लव छाटण्याच्या यंत्रावरून त्यास ही कल्पना सुचली. त्या यंत्रांत फिरतीं पातीं एका स्थिर पात्यास भिडून कातरीप्रमाणें गवत कापीत. आपल्या ग्रासकटरांत स्थिर पातें नाहीं. विळ्यानें कापतांना आपण गवत मुठींत धरतों. येथें तें कोणी धरलेलें नसतें. पातें इतक्या वेगानें येतें कीं काडीस वांकावयास अवसरच मिळत नाहीं.

हा वेग केवढा, याचा हिशेब करून पाहावा. नेहमींचें पातें २५५ मिलिमीटर व्यासाचें असतें. त्याचा परीघ सुमारें ८० सेंटिमीटर. मिनिटास ७,००० फेरे धरल्यास पात्याचें टोंक मिनिटांत ५,६०० मीटर, म्हणजे तासास सुमारें ३३५ किलोमीटर या गतीनें जातें. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. धार बोथट झाली तर गवत कापलें न जातां फाटतें, इंजिन कण्हतें व पेट्रोल अधिक जळतें. आणि पात्याची एक बाजू किंचित् जड असली तरी या वेगांत तिचा हिसका मोठा होतो. यंत्र थरथरतें, बेअरिंग झिजतें व चालविणाऱ्याच्या हातांस मुंग्या येतात.

२. पातें काढणें व तपासणें

प्रथम इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें व प्लगची टोपी काढून ठेवावी. कोणाचा हात चुकून दोरीस लागला तरी यंत्र सुरू होऊं नये, हा त्याचा हेतु. नंतर जाड हातमोजे घालून, गिअरबॉक्साच्या भोकांत सळई घालून आंस अडवावा. बहुतेक ग्रासकटरांत पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. तो सैल करण्यास घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें व आवळण्यास त्याच्या उलट फिरवावा लागतो. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं नट सोडवितांना तो अधिकच आवळला जातो व आटे झिजून जातात.

काढलेलें पातें स्वच्छ पुसून उजेडांत पाहावें. दातांच्या मुळाशीं व मधल्या भोकाभोंवतीं बारीक तडे असतात. ते सहज दिसत नाहींत. मडकें विकत घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, तसें पातें सुतळीस टांगून लांकडानें हलकेंच ठोकावें. स्वच्छ नाद आला तर ठीक. आवाज बद्द आल्यास तड्याचा संशय धरावा. तडा गेलेलें, वांकलेलें अगर दात तुटलेलें पातें वेल्डिंग करून किंवा ठोकून सरळ करून पुन्हां लावूं नये. तें मोडीत घालावें. नव्या पात्याचा खर्च हा एका डोळ्याच्या किंमतीपुढें कांहींच नव्हे.

३. धार व तोल

यंत्राची टांकी एकदां रिकामी झाली कीं पुन्हां भरण्यापूर्वीं धार पाहावी. थोडी थोडी व वारंवार धार लावणें हें एकदम पुष्कळ घांसण्यापेक्षां चांगलें. कामास चपटी कानस वापरावी, मूळ उतार तसाच राखावा व कानस एकाच दिशेनें चालवावी. एका दातास जितके हात मारले तितकेच प्रत्येक दातास मारावे. म्हणजे तोल बहुधा बिघडत नाहीं. विजेच्या सहाणेवर पातें दाबून धरल्यास तें तापून निळें पडतें व पोलादाचें पाणी उतरतें. अशा पात्यास लावलेली धार टिकत नाहीं.

तोल पाहण्यास भिंतींत एक गुळगुळीत खिळा आडवा मारावा व त्यावर पातें मधल्या भोकांतून अडकवावें. हातानें फिरवून सोडल्यावर प्रत्येक वेळीं तीच बाजू खालीं येऊन थांबली, तर ती जड आहे. तिच्यावर खडूनें खूण करून तेथील धारेवरून थोडें घांसावें व पुन्हां पाहावें. थोड्या घांसण्यानें तोल येत नसेल तर तें पातें वापरूं नये.

४. पातें बसविणें

पात्याचें भोंक खालच्या चकतीच्या उंचवट्यावर नेमकें बसलें पाहिजे. तेथें माती अगर गवताचा लगदा राहिला तर पातें तिरकें बसतें. चकती, पातें, वरची चकती, टोपण व नट हा क्रम यंत्राच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें राखावा. नट आवळल्यावर सळई काढण्यास विसरूं नये. पातें हातानें एकदां सावकाश फिरवून तें वरखालीं डुलत नाहीं अशी खात्री करावी. पहिलीं पांच मिनिटें काम झाल्यावर यंत्र बंद करून नट पुन्हां पाहावा. गिअरबॉक्साचें ग्रीस सुमारें २५ तासांच्या कामानंतर तपासून कमी असल्यास घालावें. मात्र ठासून भरूं नये, कारण तें तापून बाहेर येतें.

पात्यावरील गार्ड हा यंत्राचाच भाग आहे. ओलें गवत त्यांत अडकतें म्हणून पुष्कळ गडी तो काढून ठेवितात. आपल्या जांभ्याच्या जमिनींत गवताखालीं खडे असतातच. वर सांगितलेल्या वेगानें उडालेला खडा गोफणीच्या दगडासारखा जातो. म्हणून गार्ड काढूं देऊं नये, चालविणाऱ्यास चष्मा व उंच बूट द्यावे, आणि दुसऱ्या माणसास अगर गुरांस १५ मीटरांच्या, म्हणजे सुमारें ५० फुटांच्या आंत येऊं देऊं नये. गडग्याच्या कडेस व जेथें दगड फार आहेत तेथें लोखंडी पातें काढून नायलॉनच्या दोरीचें डोकें लावावें. त्यासहि गार्ड हवाच.

५. किती उंचीवर कापावें

या विषयांतील हा मुख्य मुद्दा आहे. बाग घोटून काढल्यासारखी दिसावी अशी पुष्कळांची हौस असते; गडीहि मालक खूष व्हावा म्हणून पातें जमिनीस घांसून नेतो. त्यानें तीन प्रकारें हानि होते. दगडास लागून धार जाते. माती उघडी पडून पुढच्या पावसाच्या सरीनें उतारावरून वाहून जाते. आणि गवताचे बुडखे उपटले जाऊन मातीस धरून ठेवणारीं मुळें नाहींशीं होतात. कातळावर ज्यांनीं माती बाहेरून आणून खड्डे भरले आहेत, त्यांस या मातीचें मोल सांगावयास नको.

यास्तव पावसाळ्यांतील कापणी जमिनीपासून चार बोटें वर करावी. त्याकरितां यंत्राची जुळवणी पट्ट्यापासून सुरू होते. पट्टा अंगांत घालून यंत्र अडकवावें व दोन्ही हात सोडावे. पातें जमिनीस समांतर व हव्या त्या उंचीवर आपोआप राहिलें पाहिजे. तें पुढें झुकत असेल तर अडकविण्याची कडी नळीवर पुढें सरकवावी. वर उचललें जात असेल तर मागें घ्यावी. उंची पट्ट्याच्या लांबीनें ठरवावी. जो गडी यंत्र हातांनीं पेलून धरतो त्याचे हात तासाभरांत थकतात व मग पातें जमिनीवर येतें. दोघां गड्यांची उंची सारखी नसते. म्हणून माणूस बदलला कीं पट्टाहि बदलावा.

वरून पाहिलें असतां पातें घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फिरतें. म्हणून उजवीकडून डावीकडे झोंक घेत कापावें. कापलेलें गवत डाव्या बाजूस मोकळ्या जागीं पडतें. पातें ही घड्याळाची तबकडी मानल्यास बारा ते तीन या भागानें खुंट किंवा दगड यांस स्पर्श होऊं देऊं नये. तेथें लागल्यास यंत्र एकदम उजवीकडे उसळतें. उतारावर आडवें चालावें.

पाऊस गेल्यावर गवत वाळूं लागतें तेव्हां हेतु बदलतो. आतां भय वणव्याचें. या वेळीं गडग्याच्या आंतून सभोंवार पट्टा अधिक खालून कापून त्यांतील गवत उचलून न्यावें. वाळल्या गवतांत पातें दगडावर आपटून ठिणगी पडूं शकते. तापलेलें इंजिन गवतावर ठेवूं नये व पेट्रोल उघड्या जमिनीवरच, इंजिन थंड झाल्यावर भरावें.

६. चाकांच्या यंत्राचा डेक

चाकांच्या यंत्रांत पातें एका लोखंडी झांकणाखालीं फिरतें. त्यास डेक म्हणतात. येथें उंची माणसाच्या हातांत नसून डेकच्या जुळवणींत असते. ती पुढील क्रमानें करावी.

(अ) यंत्र फरसबंदी अगर सपाट खळ्यावर उभें करावें, इंजिन बंद करून किल्ली व प्लगची टोपी काढावी, आणि डेकच्या आंतील सुकलेलें गवत खरवडून काढावें.

(आ) चारी चाकांतील हवा सारखी व पुस्तकांत दिल्याप्रमाणें भरावी. एका चाकांत हवा कमी असतां डेक जुळविणें म्हणजे वांकड्या पाटावर तराजू ठेवण्यासारखें आहे.

(इ) पातें आडवें करून दोन्ही बाजूंस टोंकापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. फरक ३ मिलिमीटरांहून अधिक असल्यास त्या बाजूच्या टांगणीचा नट फिरवून तो काढावा.

(ई) मग पातें उभें करून पुढील व मागील टोंक मोजावें. पुढील टोंक मागल्यापेक्षां किंचित्, साधारण ३ ते १० मिलिमीटर, खालीं असावें. नेमकें माप पुस्तकांतून घ्यावें. मागील टोंक खालीं राहिल्यास तेंच गवत दोनदां कापलें जातें व इंजिनावर भार येतो.

(उ) पट्टा चिरलेला अगर चकाकीत झाला असल्यास बदलावा. सैल पट्ट्यानें पात्याचा वेग कमी होतो व गवत फाटतें.

(ऊ) पात्याची वर वळलेली कड डेकच्या बाजूस असावी. उलट लावलेलें पातें कापीत नाहीं.

बसून चालविण्याच्या यंत्रानें उतारावर आडवें न जातां वरखालीं जावें, आणि १५ अंशांहून अधिक चढ, म्हणजे १०० फुटांत सुमारें २७ फूट, असल्यास तें तेथें नेऊंच नये. आपल्या बहुतेक सड्याउताराच्या बागांस म्हणूनच खांद्यावरचें यंत्र बरें.

७. कलमाचें खोड

पात्याचा अगर नायलॉन दोरीचा एक फटकाहि कोंवळ्या कलमाची साल सोलतो. पानांत तयार झालेलें अन्न सालींतूनच मुळांकडे जातें. साल सभोंवार गेली कीं झाड वाळतें. थोडी जखम झाली तरी भिरूड अशा चिरेंत अंडीं घालते व तिची अळी खोड पोखरते. यास्तव खोडाभोंवतीं दीड हात जागा यंत्रानें कापूं नये. तेथें विळाच चालवावा. कापलेलें गवत आळ्यांत आच्छादन म्हणून घालावें, परंतु खोडास भिडवूं नये.

८. नोंद

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. नोंद नाहीं तें काम झालें नाहीं, असें समजण्याची आम्हांस संवय आहे. यंत्रासहि एक लहान वही असावी. तींत तारीख, कोणीं चालविलें, किती तास, किती गुंठे, किती पेट्रोल, धार केव्हां लावली, ग्रीस केव्हां घातलें व पातें केव्हां बदललें एवढे रकाने पुरेत. तेवढ्याच गुंठ्यांस पेट्रोल अधिक लागूं लागलें तर प्रथम पातें पाहावें, मग इंजिन. दोन आघातांच्या इंजिनास पेट्रोल व तेल यांचें प्रमाणहि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें. १ : ५० असल्यास १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल, १ : २५ असल्यास ४०.

हा लेख सभासद वाचतील, परंतु यंत्र बहुधा त्यांचा गडी चालवील. म्हणून यांतील नट, गार्ड, पट्टा व दीड हाताची मर्यादा या चार गोष्टी त्यास यंत्र समोर ठेवून स्वतः दाखवाव्या, व त्याजकडून एकदां करवून घ्याव्या. बेणणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं त्यास अर्धा दिवस खर्च झाला, तरी तो वायां गेला असें होणार नाहीं.