तोळा, औंस आणि कॅरेट : वजनांच्या नावांतील गोंधळ

आजाऱ्याची प्रकृती ‘तोळामासा’ झाली, असे आपण सहज म्हणतो. तोळा आणि मासा ही वजने कायद्याने केव्हाच मागे पडली; तथापि भाषेतून ती गेलेली नाहीत. भाषेत त्यांनी काही बिघडत नाही. व्यवहारात मात्र एकाच नावाची दोन मापे चालू राहिली, की हिशेबात कच्च्या असलेल्या माणसाचे नुकसान होते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही हा विषय उदाहरणांसह मांडत आहोत.

जुने कोष्टक

आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे सोनाराचे कोष्टक. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला. १८३५ च्या कायद्यान्वये चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा झाला. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण; म्हणजे सोने आणि धान्य एकाच साखळीत बांधलेले होते. आजच्या मापाने तोळा ११.६६४ ग्रॅम, शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३२ किलो भरतो.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली. धान्याच्या बाजारात किलो आणि क्विंटल रुळले. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला सांगितला जाऊ लागला आणि त्या दहा ग्रॅमलाच लोक ‘तोळा’ म्हणू लागले. गोंधळाचे मूळ येथे आहे.

उदाहरण

एका घरात आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या’ पाटल्या आहेत, असे समजू. जुन्या तोळ्याने त्यांचे वजन ५८.३२ ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने ५० ग्रॅम. फरक ८.३२ ग्रॅमचा. पाटल्या जुन्या असतील आणि मोडताना ‘पाच तोळे’ एवढ्याच शब्दावर ५० ग्रॅमचे पैसे मिळाले, तर तेवढे सोने हातचे गेले. उलट पाटल्या अलीकडच्या असतील आणि घरातील वडीलधारे जुना तोळा धरून बसले असतील, तर सोने कमी भरले म्हणून वाटणीच्या वेळी एखाद्या सुनेवर किंवा लेकीवर नाहक संशय येतो. सोने कोठेही गेलेले नसते; केवळ माप बदललेले असते.

पौंडाचे कोडे

एक पौंड सोने जड की एक पौंड कापूस? दोन्ही सारखे, असे उत्तर बहुधा येते. परंतु मौल्यवान धातूंसाठी इंग्रजांची ‘ट्रॉय’ पद्धत वेगळी होती. तिचा पौंड १२ औंसांचा, म्हणजे ३७३.२४ ग्रॅम, कापसाचा पौंड १६ औंसांचा, म्हणजे ४५३.५९ ग्रॅम. म्हणून पौंडात कापूस जड ठरतो. औंसात मात्र सोने जड : ट्रॉय औंस ३१.१० ग्रॅम, नेहमीचा औंस २८.३५ ग्रॅम. जागतिक बाजारातील सोन्याचा भाव आजही ट्रॉय औंसाला सांगतात, हे बातम्या वाचताना ध्यानी ठेवावे.

कॅरेट : एक नाव, दोन अर्थ

हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरेट हे वजन नव्हे, ती शुद्धता आहे. २४ भागांपैकी २२ भाग सोने, ते २२ कॅरेट; म्हणूनच त्यावर ९१६ चा शिक्का असतो. अशा ५० ग्रॅमच्या दागिन्यात शुद्ध सोने सुमारे ४५.८ ग्रॅम असते.

व्यवहारातील दक्षता

दागिना घेताना, मोडताना किंवा तारण ठेवताना तीन गोष्टी पावतीवर स्वतंत्र लिहून घ्याव्यात : एकूण वजन ग्रॅममध्ये, मणी, खडे व लाख वजा जाता निव्वळ वजन ग्रॅममध्ये, आणि शुद्धता. घरातील जुन्या वहीत केवळ ‘तोळे’ लिहिले असतील, तर दागिना पुन्हा तोलून शेजारी ग्रॅम लिहावेत.

खोटे वजन आणि खोटे माप यांपासून दूर राहणे, याची गणना दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात शीलामध्ये केली आहे. विकणाऱ्याने ते शील पाळावे, हे योग्यच. परंतु घेणाऱ्यालाही माप वाचता आले पाहिजे. कष्टकरी कुटुंबात आईच्या अंगावरचे दोन मणी हीच पुष्कळदा मुलांच्या शिक्षणाची अखेरची ठेव असते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हा हिशेब आपल्या घरी आणि वस्तीत अवश्य समजावून सांगावा, अशी आमची विनंती आहे.