चाच्यांच्या गाण्यातला ‘मी’

समुद्री चाच्यांचे गाणे म्हटले की वर्गातल्या विद्यार्थ्यांना चित्रपटातले खलाशी आठवतात. त्या गाण्यांचा तोंडवळा बऱ्याच अंशी स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) या कादंबरीने घडवला. दोर ओढताना म्हणायची ‘शँटी’ ही श्रमगीते तर मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवरची आहेत. अटलांटिक आणि हिंदी महासागरातल्या युरोपीय चाच्यांचा भर त्यापूर्वीच, १७३०च्या सुमारास, ओसरला होता. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर जे गायले गेले, ते म्हणजे लंडनच्या रस्त्यांवर विकले जाणारे बॅलड. एका कागदावर छापलेले आणि लोकांच्या ओठी असलेल्या चालीवर बसवलेले. अशा दोन बॅलडांचे नायक आपल्या किनाऱ्याला लागून गेले आहेत.

पहिला हेन्री एव्हरी. मे १६९४ मध्ये त्याने स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात बंड करून जहाज बळकावले. त्याच वर्षी त्याच्या नावाने बॅलड लंडनमध्ये फिरू लागले. त्यात तो स्वतःच धाडसी तरुणांना सोबत येण्याचे आवाहन करतो. पुढे सप्टेंबर १६९५ मध्ये त्याने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. जहाजावरच्या स्त्रियांनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्याचे खाफीखान नोंदवतो. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैद झाली. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

दुसरा विल्यम किड. चाच्यांना पकडण्याची राजाज्ञा घेऊन तो निघाला. १६९७ मध्ये तो कारवारला येऊन गेला. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज धरले. त्या जहाजाकडे फ्रेंच परवाना होता आणि फ्रान्स शत्रुराष्ट्र असल्याने ही लूट कायदेशीर ठरते, असा त्याचा बचाव होता. खटल्याच्या वेळी ते परवाने त्याला मिळालेच नाहीत. ते सापडले विसाव्या शतकात, लंडनच्या सरकारी दप्तरात. २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी झाली.

त्याच वर्षी निघालेल्या बॅलडमध्ये किड ‘मी’ म्हणून बोलतो आणि एकेका पापाची कबुली देत जातो. प्रत्यक्षात तो अखेरपर्यंत स्वतःला निर्दोष म्हणवत होता. म्हणजे हा ‘मी’ किडचा नाही. फाशीच्या गर्दीत कागद खपवणाऱ्या छापखान्याने तो मृताच्या तोंडी घातला आहे. हे गाणे अमेरिकेत पोहोचले, तिथे नायकाचे नावही विल्यमचे रॉबर्ट झाले. पुढे त्याच्या कडव्याच्या घाटावर ख्रिस्ती भक्तिगीतही रचले गेले.

पोवाड्याशी तुलना केली की हा मुद्दा स्पष्ट होतो. अफझलखान वधाच्या पोवाड्यात अगिनदास स्वतःचे नाव गुंफतो. कोण सांगतो आहे, कोणाच्या बाजूने सांगतो आहे, हे श्रोत्याला कळते. पोवाडाही पक्षपाती असतोच. पण तो पक्ष उघड असतो. बॅलडचा निनावी रचनाकार मात्र गुन्हेगाराचा मुखवटा घालून बोलतो आणि तोच मुखवटा पुढे इतिहास म्हणून मिरवतो.

या दोन्ही गाण्यांत लुटले गेलेल्यांचा आवाज नाही. सुरतेच्या यात्रेकरूंना बॅलडमध्ये जागा मिळणे शक्यच नव्हते, कारण ते गाणे लुटीआधीच छापले गेले होते. पण नंतरच्या काळात एव्हरीची कीर्ती वाढली ती रंगभूमीवर आणि दंतकथांत, खाफीखानाच्या पानावर नव्हे. दुसऱ्या बाजूला, मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांना इंग्रजांनी सर्रास ‘चाचा’ म्हटले. कान्होजी जहाजांना दस्तक देत आणि दस्तक नसलेली जहाजे धरत. किडला फासावर नेणारा प्रश्नही परवान्याचाच होता. कोणाचा कागद ग्राह्य धरायचा, यावर ‘आरमार’ आणि ‘चाचेगिरी’ यांतली रेघ ठरत होती.

म्हणून अध्यापकांना माझी सूचना अशी : बॅलड शिकवताना तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. गाण्यातला ‘मी’ कोण? हा कागद कोणी, केव्हा विकला? आणि या गाण्यात कोण बोलत नाही? किडचे बॅलड, खाफीखानाचा उतारा आणि अगिनदासाचा पोवाडा शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी ही उत्तरे शोधली, तर ‘चाचा’ हा शब्द उच्चारताना ते क्षणभर थांबतील. साहित्याच्या वर्गातून एवढे साधले तरी पुष्कळ झाले.