ओटा आणि शेजार

धार-देवासच्या जुन्या वाड्यांत जाड भिंती घर गार ठेवीत, चौक उजेड-वारा देई आणि ओटा शेजार जोडी. नवे घर बांधताना आपण प्रथम ओटाच काढून टाकतो. धार व देवास यांच्या दरम्यान असलेल्या इंदूरची अरण्य वसाहत मात्र उलट सांगते. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी ती मुख्यतः गरिबांसाठी आखली. जोते, पाणी व शौचकूप तयार मिळे. पुढचे घर ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे. घरांपुढे ओटे, मधे मोकळे चौक. १९९५ साली तिला आगाखान पारितोषिक मिळाले.

ओट्यावर बसलेली आजी गल्लीतील मुलांवर नजर ठेवते आणि तिचीही विचारपूस होते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : खोली थोडी लहान करा, पण ओटा राखा.