जुन्या जीपच्या मॅनिफोल्डचे पॅकिंग

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झालेली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर भारतात महिंद्र कंपनीने जुळवून विकली. तिच्या २.२ लिटरच्या, बाजूस झडपा असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनात मिश्रण आत नेणारा व जळका वायू बाहेर टाकणारा असे दोन ओतीव मॅनिफोल्ड एकाच अंगास, परस्परांस जोडून बसविलेले असतात. त्यांच्या व इंजिनाच्या मधील गॅस्केट, म्हणजेच कारागिरांचे पॅकिंग, जळाले की गळती सुरू होते.

धुराच्या बाजूची गळती कानास कळते. थंड इंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू येते व सांध्यावर काजळीची रेघ उमटते. बंदिस्त गाडीत हा धूर शिरल्यास त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. आत ओढणाऱ्या बाजूची गळती मात्र मुकी असते, आणि नगरसारख्या कोरड्या मुलखात इंजिनास तीच अधिक मारक होय. त्या फटीतून येणारी हवा गाळणीतून जातच नाही. नागापूरच्या आसपासच्या कच्च्या वाटांवरील धूळ थेट सिलिंडरमध्ये पोहोचते व पिस्टनच्या रिंगा झिजवते. इंजिनाची मंद चाल स्थिर राहत नाही, मालक कार्बुरेटरचा स्क्रू फिरवीत बसतो, आणि दोष तेथे नसतोच!

जुने पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो. ते कोरडे खरवडू नये, हवेच्या झोताने उडवू नये. पाण्याने भिजवून, नाकातोंडावर योग्य गाळणीचा मुखवटा बांधूनच काढावे. नंतर मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरून फीलर गेजने फट पाहावी. वाकलेले तोंड जाड पॅकिंगने सरळ होत नाही. नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी यंत्रकामाच्या कारखान्यात ते घासून सपाट करून घ्यावे.

बसविताना एक क्रम चुकवू नये. दोन मॅनिफोल्ड एकमेकांस जोडणारे बोल्ट प्रथम सैलच ठेवावेत. पॅकिंग स्टडवर चढवून मॅनिफोल्ड इंजिनास लावावेत, नट मधून टोकांकडे दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेत दिलेल्या जोरापर्यंत टॉर्क पान्याने आवळावेत आणि मगच ते बोल्ट आवळावेत. आधी आवळल्यास दोन्ही तोंडे एका पातळीत येत नाहीत. तशाच स्थितीत नट ओढले तर ओतीव लोखंडास तडा जाण्याची भीती असते. धुराच्या बाजूस सिलिकॉनचा लेप देऊ नये, तो तापाने जळतो. पितळी नट वापरल्यास पुढे उघडताना ते गंजून अडकत नाहीत.

इंजिन एकदा पुरते तापवून, निवल्यावर नटांचा जोर पुन्हा तपासावा. शंका उरल्यास थंड इंजिन सुरू करून आत ओढणाऱ्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडावेत. चाल बदलली तर फट तेथेच आहे. या परीक्षेस पेट्रोल कदापि वापरू नये, कारण खालीच धुराचा मॅनिफोल्ड तापत असतो.