आधी सातबारा, मग स्वयंपाकघर

घर घ्यायचं डोक्यात आलं की माणूस बाकी सगळ्या कामातून जातो. मी कोरपन्यात भाड्याने राहणारा शिक्षक. चाचणीचे पेपर तपासता तपासता मागच्या कोऱ्या पानावर हॉलची लांबी-रुंदी मांडायचो. शाळा सुटली की गाडी गडचांदूरच्या रस्त्याला. सिमेंट कारखान्यांमुळे तिकडे कुठे ना कुठे लेआउट पडलेलाच असतो, आणि दलालाचा फोन आला की ताटावरून उठायचं. शेवटी बायको म्हणाली, "नवं मिळेल तेव्हा मिळेल, आहे त्या घरात तर राहा!"

या नादात मजा फार असते. परक्याच्या खोलीत मनातल्या मनात आपला पलंग मांडायचा, खिडकीला आपले पडदे लावायचे. खर्च फक्त पेट्रोलचा. गोम पुढे आहे. एखादं घर मनात भरलं की आपणच विकणाऱ्याचे वकील होतो. मला एक असंच आवडलं होतं, मागच्या अंगणात पेरू असलेलं. कागद मागितले तर मालकाने घरटॅक्सच्या पावत्या पुढे केल्या आणि मी मान डोलावली. टॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण पेरू आडवा आला.

म्हणून सांगतो, घर दिसण्याआधी कागद बघा. सातबारा मोबाइलवर निघतो, पण नुसता आजचा पुरत नाही. तलाठ्याकडून जुने फेरफार काढा. आपला हा राजुरा-कोरपन्याचा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. फार जुनी नोंद उर्दूत निघाली तर ती वाचून घ्या, बाजूला ठेवू नका. मुलूख गोंड-कोलामांचा. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. सावकारीत जमिनी गेल्या म्हणून हे बंधन आलं, आणि ते असायलाच हवं. मधे चार हात फिरले, प्लॉट पडले, वर स्लॅब चढला, तरी मूळचा दोष धुतला जात नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' असेल तर विकायला परवानगी लागते का, ते तहसीलमध्येच विचारा. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, तेही बघा. आणि "एनए होऊन जाते जी" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. आदेश आणि मंजूर नकाशा हातात घ्या.

एवढं झालं की खुशाल घर बघा, पण दुसऱ्या डोळ्याने. आपली माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते आणि विकण्याआधी तिच्यात पुट्टी भरून वर रंग मारला जातो. समोरून काही दिसत नाही. मोबाइलची बॅटरी भिंतीला अगदी टेकवून धरा, उजेड आडवा पडला की बुजवलेली चीर दोरीसारखी उठून दिसते. पेरूवाल्या घराच्या तिन्ही खिडक्यांना ती होती. आधी दोनदा त्याच खिडक्यांपाशी उभा राहून मी चहा प्यालो होतो.

शेजाऱ्यांकडे मालक नसताना जा. चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतो तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात का? वाळत घातलेल्या मिरच्यांवर धूळ बसते का? मे महिन्यात बोअर किती वेळ चालते? घरातली बाई हे सगळं न विचारता सांगते. पुरुष मंडळी भाव सांगतात.

शोध वकिलाकडून घ्या, दुय्यम निबंधकाकडच्या मागच्या 30 वर्षांच्या नोंदींचा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी नेमकी तिथेच आपण घासाघीस करतो. बयाणा रोख देऊ नका. चेक द्या, आणि कागदात दोष निघाला तर रक्कम किती दिवसांत परत, हे इसारपत्रात लिहून घ्या. हे म्हटलं की दलाल हमखास सांगेल, "सर, उद्या राजुऱ्याची पार्टी येऊन राहिली." येऊ द्या. माझ्या वेळची राजुऱ्याची पार्टी पोळ्यापासून येऊन राहिली आहे, दिवाळी झाली तरी पोचलेली नाही.