ले साब्ल दोलोनला कधी जावं?

प्रश्न : अभिलाष टॉमी यांची जगप्रदक्षिणेची शर्यत फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोनहून सुटली होती, असं वाचलं. अशा शर्यती त्याच गावातून का निघतात? आणि शर्यत नसेल तेव्हा तिथे जाण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी 'त्याच गावातून का' ते सांगतो, कारण त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १९६८ साली इंग्लंडहून कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले आणि परत पोहोचले एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची 'सुहैली' ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती. पुढे फिलिप जाँतो या फ्रेंच दर्यावर्दीने तशीच शर्यत पुन्हा उभी केली. ले साब्ल दोलोनमध्ये त्यांचा बोटी बांधण्याचा व्यवसाय होता, व्हाँदे जिल्ह्याने पाठबळ दिलं आणि २६ नोव्हेंबर १९८९ रोजी पहिली 'व्हाँदे ग्लोब' सुटली. पहिल्या विजेत्याला १०९ दिवस लागले होते. २०२४-२५ मध्ये शार्ली दालँ ६४ दिवसांतच परतले.

टॉमींची 'गोल्डन ग्लोब' मात्र वेगळी. तिथे जुन्या धाटणीच्या बोटी असतात आणि जीपीएसऐवजी सूर्य-तारे पाहून वाट काढायची असते. २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि एका फ्रेंच मच्छीमार-गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. त्यानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा याच गावातून निघाले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. एवढ्या जखमेनंतर त्याच समुद्रात परत जाणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं, असं मला मनापासून वाटतं.

आता सहलीचं. बंदरातून समुद्रात जायला एक अरुंद खाडीवजा वाट आहे आणि तिच्या दोन्ही काठांवर दगडी धक्के आहेत. 'व्हाँदे ग्लोब'च्या सकाळी अठरा मीटर लांबीच्या बोटी एकेक करून या वाटेने बाहेर पडतात. दोन्ही काठ माणसांनी फुललेले असतात आणि प्रत्येक नावाड्याला नावाने हाका मारून निरोप दिला जातो. या बोटींचा कणा पाण्याखाली साडेचार मीटर जातो, त्यामुळे वाटेत पुरेसं पाणी नसेल तर त्यांना आत-बाहेर करता येत नाही. दोन महिने समुद्र कापून आलेल्या नावाड्यालाही कधीकधी दारात भरतीची वाट पाहत थांबावं लागतं. तुम्ही रत्नागिरीचे आहात, हे तुम्हाला वेगळं समजावायला नको!

शर्यत नसली तरी जा. गावासमोर सुमारे तीन किलोमीटरची चंद्रकोरीसारखी पुळण आहे. उधाणाच्या दिवसांत भरतीला ती बरीच आक्रसते, म्हणून मुलं बरोबर असतील तर भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघा. पाणी भर उन्हाळ्यातही आपल्या मानाने गारच असतं. पलीकडच्या काठावर ला शोम ही जुनी कोळी वस्ती आहे. तिथे जायला छोटी तर सुटते, तीच घ्या. पुळणीवरच्या गर्दीपेक्षा ला शोमच्या बुटक्या पांढऱ्या घरांच्या गल्ल्या मला अधिक आवडतात. अलीकडच्या काठावर, पुळणीच्या मागे पेनोत नावाची वस्ती आहे, तिथल्या भिंतींवर शिंपल्यांची चित्रं केली आहेत. तीही पाहा.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. काही गाड्या थेट जातात, काहींना नाँतला बदल करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो, म्हणून जून किंवा सप्टेंबर बरा.

तरी निवड करता येत असेल तर शर्यतीचंच वर्ष धरा. 'व्हाँदे ग्लोब' दर चार वर्षांनी नोव्हेंबरात सुटते आणि आधीचे तीन आठवडे सगळ्या बोटी धक्क्याला लागलेल्या असतात. सुटण्याच्या दिवसापेक्षा या आठवड्यांत जाणं चांगलं, कारण तेव्हा बोटी अगदी जवळून पाहता येतात. राहण्याची सोय मात्र कित्येक महिने आधी करून ठेवा.